उतारवयातील कुलेतिहास आणि पुराव्याची शिस्त

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

निवृत्तीनंतरचा वेळ कसा घालवावा याविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन येते, त्यात बागकाम, प्रवास आणि वाचन यांच्या जोडीला अलीकडे ‘आपल्या घराण्याची वंशावळ तयार करा’ असाही सल्ला आढळतो. सल्ल्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तो ज्या सुरात दिला जातो त्या सुराविषयी. चार नातेवाइकांना फोन करावेत, नावे उतरवून घ्यावीत, संगणकावर एक सुबक वृक्ष काढावा आणि घरच्या एखाद्या समारंभात त्याच्या प्रती वाटाव्यात, एवढेच हे काम असावे असा समज त्यातून होतो. गेली काही वर्षे मी हा विषय शिस्तीने शिकण्याचा प्रयत्न करीत आहे आणि त्यावरून माझे असे मत झाले आहे की, उतारवयात हाती घेण्याजोग्या विद्यांपैकी ही एक पूर्ण विद्या आहे. तिला स्वतःची पद्धत आहे, स्वतःच्या कसोट्या आहेत, आणि तिच्यात घसरण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. ती केवळ विरंगुळा म्हणून केली, तर जे तयार होते त्यावर पुढची पिढी डोळे मिटून विश्वास ठेवते आणि एकदा छापलेली चूक मग कोणाच्याच हातून दुरुस्त होत नाही.

या अभ्यासाला उतारवय का मानवते, हे आधी सांगितले पाहिजे, कारण केवळ रिकामा वेळ हे त्याचे कारण नव्हे. आज सत्तरीत असलेल्या व्यक्तीचे आजोबा साधारणपणे १८९० ते १९०० च्या आसपास जन्मलेले असतात, आणि तिची नातवंडे या शतकाच्या अखेरीपर्यंत हयात असण्याची शक्यता असते. म्हणजे ज्यांना आपण प्रत्यक्ष पाहिले, ज्यांचा आवाज ऐकला, अशा माणसांच्या आयुष्यांची बेरीज जवळपास दोनशे वर्षांची होते. तिशीतल्या माणसाला ही सोय नसते. त्याने पाहिलेली माणसे कमी आणि त्याला पडलेले प्रश्नही कमी. शिवाय कर्ज, वाटण्या, रुसवेफुगवे, लपवलेली आजारपणे आणि घाईने उरकलेली लग्ने यांचा अर्थ कागदावरून ओळखण्यासाठी थोडेबहुत जग पाहिलेले असावे लागते.

वृद्धांच्या आठवणी काढण्याकडे एकेकाळी वैद्यकशास्त्रही बुद्धी ओसरत चालल्याचे लक्षण म्हणून पाहत असे. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्ये त्याच्या उलट मांडणी केली आणि मागे वळून आयुष्याचा आढावा घेणे ही वार्धक्यातील स्वाभाविक प्रक्रिया आहे, असे सांगितले. ती मांडणी मोलाची आहे. परंतु आठवणींचा आढावा आणि कुलेतिहास यांच्यात एक फरक राहतोच. आढाव्यात आठवण ही शेवटची पायरी असते. कुलेतिहासात ती पहिली असते, आणि पुढची प्रत्येक पायरी तिची तपासणी करीत जाते. आपल्याला ठाम आठवणारी गोष्ट कागदाने खोटी पाडली, तर ती निमूटपणे मान्य करण्याची तयारी या वयात आणावी लागते, आणि ती आणणे सोपे नाही.

कामाची सुरुवात दप्तरखान्यात करू नये, जिवंत माणसांपासून करावी. दप्तरे थांबून राहतात. माणसे राहत नाहीत. येथे प्रश्न कसा विचारावा हीच निम्मी विद्या आहे. ‘आजोबांविषयी काही सांगा’ असे विचारले की घरात वर्षानुवर्षे सांगून गुळगुळीत झालेली तीच गोष्ट पुन्हा कानी पडते: ते शिस्तीचे होते, प्रामाणिक होते, त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. त्याऐवजी नात्यातल्या एका वयोवृद्ध बाईंपुढे मी कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली आणि त्यांच्या लहानपणीच्या घराचा आराखडा काढायला सांगितले. दार कोठे, जिना कोठे, कोण कोठे निजत असे, पाहुणा आला की त्याला कोठे बसवीत, असे विचारत गेलो. पेन्सिल मागच्या एका अंधाऱ्या खोलीशी आली आणि थांबली. ‘इथे मोठी आत्या असायची,’ त्या म्हणाल्या. ही मोठी आत्या तोवर कोणत्याही वंशावळीत नव्हती, तिचे नाव कोणी घेतले नव्हते आणि ती सासरहून परत आली होती हे तर कोणालाच बोलायचे नव्हते. एका खोलीमुळे ती सापडली.

मानसशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यासही येथे उपयोगी पडतो. वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांच्या दरम्यानच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांत सर्वांत दाट असतात, असे त्यात वारंवार दिसून आले आहे. म्हणून प्रश्न त्या काळाभोवती ठेवावेत. तारखा मात्र स्मरणातून घेऊ नयेत. ‘कोणत्या साली’ असे विचारण्यापेक्षा ‘तेव्हा तुमचे लग्न झाले होते का’, ‘धाकटा भाऊ चालायला लागला होता का’ असे विचारले, तर घटनांचा क्रम बऱ्यापैकी विश्वासार्ह मिळतो आणि साल नंतर कागदावरून बसवता येते. ऐकलेले सगळे त्या माणसाच्याच शब्दांत उतरवावे, ध्वनिमुद्रण ठेवावे आणि प्रत्येक विधानापुढे ते स्वतः पाहिलेले की कोणाकडून ऐकलेले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. महिन्याभराने ही नोंद करू म्हणाल, तर ती होत नाही.

यानंतर कागद. कागदाविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आहेत: काहींना घरातली गोष्ट कागदापेक्षा खरी वाटते, तर काहींना शिक्का असलेला प्रत्येक कागद वेदवाक्य वाटतो. वास्तविक एकाच कागदातील वेगवेगळ्या माहितीचे वजन वेगवेगळे असते. मृत्यूची एखादी जुनी नोंद पाहा. तीत मृत्यूचा दिवस, मृताचे वय, वडिलांचे नाव आणि माहिती देणाऱ्याचे नाव असते. दिवस बहुधा बरोबर असतो, कारण नोंद लगोलग झालेली असते. वय मात्र माहिती देणाऱ्याच्या अंदाजाचे असते, आणि माहिती देणारा शेजारी किंवा जावई असेल, तर त्याला मृताचा जन्म कधी झाला हे कसे माहीत असावे? मृताच्या वडिलांचे नाव तर त्याने कोणाकडून तरी ऐकलेलेच असणार. म्हणून जन्मसाल शोधताना या नोंदीला साक्षीदार मानावे, पण ऐकीव माहिती सांगणारा साक्षीदार. शाळेच्या नोंदवहीतील जन्मतारीखही अशीच तपासून घ्यावी लागते, कारण मुलाला दाखल करताना वय बसवून घेण्याचा प्रकार जगात अनेक ठिकाणी चालत असे. वयाचे आकडे पाच किंवा शून्य या अंकांवर संपणारे फार दिसू लागले, की सांगणाऱ्यांनी ते गोळाबेरीज करून सांगितले आहेत असे खुशाल समजावे.

अमेरिकेत वंशावळ-संशोधकांना प्रमाणपत्र देणारे एक मंडळ १९६४ पासून काम करीत आहे. तेथे पुराव्याचा जो दंडक मानला जातो, त्याची पाच अंगे आहेत. शोध वाजवी मर्यादेपर्यंत सर्वांगीण असावा, प्रत्येक विधानाचा आधार नोंदवलेला असावा, आधारांची परस्परांशी तुलना करून छाननी झालेली असावी, परस्परविरोधी पुराव्यांचा निकाल लावलेला असावा आणि निष्कर्ष सुसंगतपणे लिहून काढलेला असावा. यातील शेवटचे अंग आपण सहज सोडून देतो. चौकटी आणि रेषा काढल्या की काम झाले असे वाटते. परंतु ‘हा माणूस त्याचा मुलगा होता असे मी का म्हणतो’ हे दोन परिच्छेदांत लिहायला बसले, की कोणती रेषा केवळ इच्छेवर उभी आहे ते ताबडतोब उघडे पडते. नातवाला आजोबांचेच नाव ठेवलेले असते, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ एकाच काळात हयात असतात, आणि एकाची जमीन, दुसऱ्याची बायको व तिसऱ्याचा मृत्यू असे सगळे मिळून एक माणूस तयार होतो. वड्याचे तेल वांग्यावर काढण्याचा हा प्रकार छापील कुलवृत्तांतांतही आढळतो. त्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे. नावाला चिकटून राहू नये. गाव, व्यवसाय, सही, शेजारी आणि साक्षीदार या सर्वांसह माणूस ओळखावा.

थोर पूर्वज मिळावा ही इच्छा तर या विषयातील जुनीच व्याधी आहे, आणि तिच्यावर साधे गणित हे चांगले औषध आहे. प्रत्येकाला दोन पालक, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा असे मोजत गेल्यास दहाव्या पिढीत १,०२४ आणि विसाव्या पिढीत दहा लाखांहून अधिक पूर्वज होतात. तिसाव्या पिढीत, म्हणजे सुमारे आठ-नऊशे वर्षांपूर्वी, हा आकडा शंभर कोटींच्या पुढे जातो. त्या काळी साऱ्या जगाची लोकसंख्या पन्नास कोटींहूनही कमी होती. याचा अर्थ उघड आहे: तेच पूर्वज वंशवृक्षात अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा येतात आणि पुरेसे मागे गेल्यावर बहुतेक सगळी माणसे कोणत्या ना कोणत्या वाटेने एकमेकांची नातलग निघतात. त्यामुळे एखादा सरदार आपल्या हजारभर पूर्वजांपैकी एक निघाला म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. उरलेल्या हजारांत कर्जबाजारी, पळून गेलेले आणि अंगठा उठवणारेही असतात, आणि माझ्या मते अभ्यासाला खरी गोडी त्यांच्यामुळे येते.

याच गणितातून एक अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे येते, आणि तिच्यासाठी मी या पत्रात थोडी जास्त जागा मागतो. पूर्वजांना क्रमांक देण्याची एक सुटसुटीत युरोपीय पद्धत आहे. तिचा उपयोग १५९० मध्ये मिखाएल आयत्सिंगर याने केला आणि १८९८ मध्ये श्ट्राडोनिट्स याने ती पुन्हा रूढ केली. आपण स्वतः १, वडील २, आई ३. कोणाच्याही क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील आणि दुपटीत एक मिळवला की त्याची आई. म्हणजे वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. या पद्धतीने ३१ पर्यंतचे रकाने कागदावर आखावेत आणि कोणालाही न विचारता जेवढे भरता येतील तेवढे भरावेत. २, ४, ८, १६ ही ओळ, म्हणजे वडिलांची सरळ पुरुषपरंपरा, बऱ्याच घरांत पाठ असते. ३, ७, १५, ३१ ही आईची ओळ १५ शी अडखळते आणि ३१ चा रकाना जवळजवळ नेहमीच कोरा राहतो. आजीच्या आईचे माहेरचे नाव सांगू शकणारी किती माणसे आपल्याला भेटतात? ज्याला आपण घराण्याचा इतिहास म्हणतो, त्यातील निम्मी माणसे नाव बदलून, घर बदलून नोंदीबाहेर गेलेली असतात, आणि वंशावळ फक्त मुलग्यांच्या रेषांनी काढली की हे कोरेपण दिसतही नाही. क्रमांकाची पद्धत मला आवडते ती यासाठी की, ती कोरा रकाना लपवू देत नाही.

हे रकाने भरण्याचे मार्ग आहेत, पण ते आडवाटेचे आहेत. स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या कागदात कमी आणि इतरांच्या कागदांत जास्त सापडते: भावाच्या मृत्युपत्रात, वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीत, हक्कसोडपत्रात, भाच्याच्या पत्रातील शेवटच्या दोन ओळींत. मराठीतील जुन्या पत्रांत नावामागे ‘सौ.’ आहे की ‘गं. भा.’ आहे, एवढ्यावरून तारीख फाटून गेलेले पत्र तिच्या पतीच्या मृत्यूच्या आधीचे की नंतरचे, हे ठरवता येते. अशा पत्रांचा गठ्ठा हाती आला, तर तो उत्साहाच्या भरात सोडून तारीखवार लावू नये. कोणते पत्र कोणत्या पत्रासोबत कोणी बांधून ठेवले, हाही पुरावाच असतो. तो क्रम आधी नोंदवावा, छायाचित्रे घ्यावीत आणि मगच गाठ सोडावी. कागदांना प्लास्टिकचे लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि छायाचित्राच्या मागे नावे लिहायची झाली, तर बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलीने कडेला लिहावीत. अनेक घरांत वाळवीच्या खालोखाल नुकसान होते ते जपण्याच्या हौसेमुळे.

स्त्रियांना वगळण्याचा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. चीनमधील कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ जगातील सर्वांत मोठ्या वंशावळींपैकी एक मानली जाते. २००९ मध्ये तिची जी आवृत्ती निघाली तीत वीस लाखांहून अधिक नावे आहेत, आणि स्त्री-वंशजांची नावे तीत प्रथमच घेतली गेली. अडीच हजार वर्षांच्या परंपरेला जे जमले, ते आपल्या घरगुती वंशावळीला जमायला हरकत नसावी.

लिपी आणि कालगणना यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण ही कौशल्ये प्रत्येकाला आपापल्या कागदांप्रमाणे मिळवावी लागतात. मराठी कागद मोडीत असेल, तर मोडी शिकण्याला पर्याय नाही. उतारवयात नवी लिपी येत नाही हा गैरसमज आहे, सराव मात्र रोज लागतो. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो आणि विक्रम संवतातून ५७ वजा केले की येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु दोन्हींत वर्षारंभ जानेवारीत नसल्यामुळे वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत एका वर्षाचा फरक पडतो. मराठेकालीन कागदांतील शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण ते वर्ष मृगापासून सुरू होते. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. ज्यांना हे ठाऊक नसते, ते तेथील एखाद्या मुलाचा जन्म त्याच्या आईवडिलांच्या लग्नाच्या आधी लावून मोकळे होतात.

कागद मिळत नाहीत तेव्हा काय करावे, हाही अभ्यासाचाच भाग आहे. इंग्लंडमध्ये चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून ठेवण्याचा आदेश निघाला, फ्रान्समध्ये नागरी नोंदणी १७९२ मध्ये आली. भारतात जन्म-मृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ चा आहे. ज्या नोंदी झाल्या त्याही सगळ्या टिकल्या नाहीत. आयर्लंडच्या सार्वजनिक दप्तरखान्यातील शतकानुशतकांचे कागद १९२२ च्या यादवीत जळाले आणि इंग्लंडची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत गेली. काही देशांत जुन्या जनगणनेतील व्यक्तिगत माहिती ठरावीक मुदतीनंतर खुली होते, अमेरिकेत ७२ वर्षांनी आणि ब्रिटनमध्ये १०० वर्षांनी. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने ती गोपनीय ठेवली आहे आणि अशा मुदतीची तरतूद त्यात नाही. म्हणून एक दार बंद असेल, तर जमिनीचे, कराचे, शाळेचे आणि नोकरीचे कागद, तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्या अशी दुसरी दारे ठोठवावी लागतात. शोधून न सापडलेल्या गोष्टीचीही नोंद ठेवावी. कोठे, कोणत्या वर्षांचे काय पाहिले आणि त्यात नाव नव्हते, हे लिहिले नाही, तर पुढचा अभ्यासक तेच दप्तर पुन्हा चाळत बसतो.

डीएनए चाचणीविषयी मला वारंवार विचारले जाते. तिचा उपयोग आहे, पण ती वंशावळ काढून देत नाही. तिच्यातून फक्त सामाईक तुकड्यांचे प्रमाण कळते. आजी किंवा आजोबांकडून प्रत्येकी सरासरी पंचवीस टक्के अंश येतो आणि तो पिढीगणिक निम्मा होत जातो. ज्यांचे खापरपणजोबा एक आहेत, अशा भावंडांत काही वेळा ओळखण्याजोगा एकही सामाईक तुकडा सापडत नाही, आणि म्हणून ते एकमेकांचे कोणी नव्हेत असे सिद्ध होत नाही. १४८५ मध्ये लढाईत मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा लेस्टर येथे २०१२ मध्ये एका वाहनतळाखाली मिळाला. त्याची ओळख पटवताना कागदोपत्री वंशावळ आणि रक्तातील पुरावा हे दोन्ही लागले. त्याच्या बहिणीपासून आईकडून मुलीकडे अशा अखंड स्त्रीवंशाने आलेल्या हयात वंशजांचा अंश सांगाड्याशी जुळला; पुरुषवंशाने त्याचे नातलग म्हणून नोंदलेल्या हयात माणसांचा, बापाकडून मुलाकडे जाणारा गुणसूत्रीय अंश मात्र जुळला नाही. अर्थात मधल्या शतकांत कोठेतरी कागदावरचा बाप आणि प्रत्यक्षातला बाप वेगळे होते. ज्या ओळीची नावे ठेवण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही, तीच ओळ येथे खरी ठरली, याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. आणि राजाच्या वंशात जे घडले ते आपल्या घरात घडले नसेल असे गृहीत धरणाऱ्याने चाचणीच्या वाटेला जाऊ नये. हयात माणसांचा प्रश्न असेल तेथे सत्य शोधण्याचा हक्क आणि ते जाहीर करण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. मिळालेली माहिती नोंदवावी, बंद पाकिटात ठेवावी आणि जिच्याविषयी ती आहे त्या व्यक्तीला विचारल्यावाचून पुढे जाऊ देऊ नये.

आता या सर्व खटाटोपाचा घराबाहेर काही उपयोग आहे काय, हा प्रश्न. आहे, आणि त्याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. फ्रान्समध्ये लुई आंरी या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात चर्चच्या नोंदींवरून एकेक कुटुंब पुन्हा जोडून काढण्याची पद्धत विकसित केली. १९६४ मध्ये केंब्रिज येथे पीटर लॅस्लेट आणि ई. ए. रिग्ली यांनी लोकसंख्या व समाजरचनेच्या इतिहासाचा एक अभ्यासगट सुरू केला. इंग्लंडमधील ४०४ पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, नोंदवह्यांतील जन्म, विवाह आणि मृत्यू मोजून तक्ते तयार करण्याचे काम त्यांच्यासाठी गावोगावच्या हौशी स्वयंसेवकांनी केले, आणि त्यावर आधारलेला इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या काळी सगळीकडे मोठमोठी एकत्र कुटुंबे असत ही समजूत इंग्लंडपुरती तरी लॅस्लेट यांच्या अभ्यासाने मोडीत काढली. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील घरात सरासरी पावणेपाच माणसे असत, असे त्यांनी दाखवले. हेच लॅस्लेट पुढे वयाच्या सत्तरीकडे झुकलेले असताना, १९८२ मध्ये, ब्रिटनमधील ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाले. ही कल्पना १९७३ मध्ये तुलूझ येथे प्रथम रुजली होती. ब्रिटनमध्ये तिला असे रूप मिळाले की, निवृत्त माणसांनीच एकमेकांना शिकवावे, त्यात पदवी नसावी आणि परीक्षाही नसावी. कुटुंबाच्या इतिहासाचा अभ्यासक आणि उतारवयातील शिक्षणाचा पुरस्कर्ता एकच असावा, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही.

परदेशांत आज ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठात कुटुंबाच्या इतिहासाचा दूरस्थ अभ्यासक्रम आहे आणि स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात तो पदव्युत्तर पातळीपर्यंत शिकता येतो. तसे काही आपल्या विद्यापीठांनी सुरू करावे ही मागणी मोठी आहे, आणि तिला वेळ लागेल. तोपर्यंत एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाने आठवड्यातील एक दुपार, एक टेबल आणि लिपी जाणणारा एक माणूस एवढे दिले, तरी बरेच साधेल. आज होते काय की, माणूस एकटाच घरी बसतो, महाजालावर कोणीतरी टाकलेला तयार वृक्ष उतरवून घेतो, त्यात मुलाच्या जन्माआधीच आई वारलेली आहे हेही पाहत नाही, आणि नकलेवरून नक्कल होत ‘ध’चा ‘मा’ झालेली नावे शंभर ठिकाणी दिसू लागली की शंभर पुरावे मिळाले असे समजतो. समोर बसून ‘हे कशावरून?’ असे विचारणारा समवयस्क असेल, तर यातील बऱ्याच गोष्टी टळतात.

संपादक महोदय, आपणाकडे माझी विनंती याहून लहान आहे. आपल्या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांत निधनवार्ता, श्रद्धांजलीच्या जाहिराती, विवाहाच्या बातम्या आणि नाव बदलल्याच्या जाहीर सूचना दशकानुदशके छापल्या गेल्या आहेत. ‘त्यांच्या पश्चात’ या शब्दांनंतर येणारी यादी अभ्यासकाच्या दृष्टीने अमोल असते, कारण विवाहित मुली आणि बहिणी तेथे अनेकदा सासरच्या आडनावासह सापडतात. वर जे कोरे रकाने म्हटले, त्यांतील कित्येक या यादीवरून भरता येतील. या मजकुराची नावांनुसार सूची मात्र सहसा कोठेच नसते, त्यामुळे तारीख आधी माहीत असेल तरच बातमी सापडते, आणि तारीख माहीत नसते म्हणून तर शोध चाललेला असतो. आपण जुन्या अंकांच्या जुळणी केलेल्या फायली, किंवा त्यांच्या छायाप्रती, ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या एखाद्या गटाला ठरावीक वेळी पाहू द्याव्यात. नाव, आडनाव, गाव, अंकाची तारीख आणि पान, एवढ्याच रकान्यांची सूची आम्ही करू; प्रत्येक नोंद दुसऱ्या व्यक्तीने मूळ अंकाशी ताडून पाहिल्याखेरीज ती पक्की मानली जाणार नाही; आणि अलीकडच्या वर्षांच्या, हयात कुटुंबीयांना खुपू शकतील अशा नोंदी कोणत्या मुदतीपर्यंत बंद ठेवायच्या, ते आपणच ठरवून द्यावे. प्रयोग म्हणून कोणत्याही एका वर्षाच्या अंकांपासून सुरुवात करता येईल, आणि तयार सूचीची एक प्रत आपल्या संदर्भ विभागात व एक सार्वजनिक ग्रंथालयात ठेवता येईल.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक